सामान्य गुंतवणूकदार शेअर घेण्या-विकण्याचा निर्णय नेमका कशाच्या आधारावर घेतो?

कंपनीचा नफा, कर्ज, व्याजदर वगैरे कारणं तुम्हाला सगळेच सांगतील. मीही सांगितली असती. पण एकदा माझे जुने व्यवहार काढून बसलो, तर विकण्याचा जवळजवळ प्रत्येक निर्णय मी एकाच आकड्याकडे बघून घेतलेला दिसला. तो म्हणजे माझा खरेदीभाव.

दोन शेअर होते. एक वीस टक्के वर, दुसरा पस्तीस टक्के खाली. पैशांची गरज पडली आणि मी वरचा विकला. खालच्या कंपनीचा नफा सलग तीन तिमाही घटत होता, ते मला माहीतही होतं. तरी ‘माझ्या भावाला आला की काढून टाकू’ म्हणत ठेवला. शिवाय त्याचेच आणखी थोडे घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणला. अ‍ॅपवरचा लाल टक्का जरा बारीक झाला, तेवढंच समाधान. मी कितीला घेतला होता याचं बाजाराला काय पडलंय!

ही खोड माझ्या एकट्याची नाही. गुंतवणूकदारांच्या वागण्याचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासून १९९८ साली निष्कर्ष मांडले. लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्यांपेक्षा बरेच जास्त विकत होते, आणि विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले. (कराच्या हिशेबातही बऱ्याच देशांत तोट्यातला विकणंच सोयीचं असतं. पण तोटा ‘बुक’ करायचा म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं.)

घेताना मात्र वेगळंच चालतं. विकायचे तर हातातले पाच-दहाच असतात, घ्यायला हजारो. मग जो नजरेत भरतो तो घेतला जातो: बातमीत आलेला, एका दिवसात उसळलेला, मित्राने सांगितलेला. आणि दोन-चार अंदाज बरोबर आले की हात शिवशिवतात. ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ कुटुंबांची खाती पाहिली, तर सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले होते, बाजाराने दिले होते १७.९.

हल्ली मी नफा-तोट्याचा रकाना बघतच नाही. त्याऐवजी एका वहीत प्रत्येक शेअरपुढे तो का घेतला ते लिहितो. त्या पस्तीस टक्के पडलेल्याचं कारण लिहायला बसलो, तर बराच वेळ काही आठवेना. सकाळच्या बातम्यांत नाव आलं होतं, एवढंच.