इतकं शिकलेले पायलट रस्ता चुकतात कसे, तेही एटीसी, म्हणजे जमिनीवरचा विमान-नियंत्रक, कानात बोलत असताना?

तुमचा भाचा फ्लाइंग स्कूलला चाललाय, त्याचं इंग्रजी कच्चं आहे, रेडिओवर गोंधळून चूक करेल का, असं तुम्ही विचारलंय. इंग्रजी सुधारतं हो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २००८ पासून लेव्हल ४ ची परीक्षा लागते, ती अभ्यासाने पास होता येते. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते, कारण ती माझ्या हातून झालेली आहे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. शाळेचं नाव-गाव सांगत नाही. सेसना १५२, म्हणजे दोन सीटचं छोटं विमान, आणि एकट्याने क्रॉस कंट्री, म्हणजे ठरलेल्या गावांवरून दूरच्या विमानतळापर्यंत. उत्तरेकडून मालेगाव, मग चांदवड, मग ओझर. मी नाशिकचाच, आग्रा रोड एसटीने कितीदा केला असेल त्याची गणती नाही. तिथेच घात झाला. नकाशा मांडीवर ठेवून मी डोळ्यांनी हायवे धरला. फेब्रुवारीतली सकाळ, खाली सगळं धुरकट. मालेगावहून दोन मोठे रस्ते दक्षिणेकडे येतात, एक चांदवडला आणि एक मनमाडला. मी मनमाडचा धरला. दोन्हींच्या दिशेत साधारण पस्तीस अंशांचा फरक आहे. गायरो, म्हणजे दिशा दाखवणारं यंत्र, दर दहा-पंधरा मिनिटांनी कंपासशी जुळवायचा असतो, तो राहून गेला होता. आणि खाली ओळखीचा रस्ता दिसत असला की दिशेच्या आकड्याकडे लक्ष जात नाही.

कागदावर चांदवडची वेळ लिहिली होती ८:४२. घड्याळात ८:४२ झाले, खाली धुरात एक गाव आलं, आणि मी ओझर विमानतळाच्या टॉवरला सांगून टाकलं, चांदवडवर आहे. गाव ओळखून सांगितलं नाही, वेळ झाली म्हणून सांगितलं.

मग लक्षात आलं की ऊन डाव्या गालावर येतंय. ते डाव्या खांद्याच्या मागून यायला हवं होतं. खाली पाहिलं तर रुळांचं जाळं. चांदवडला रेल्वेच नाही! आणि समोर धुरातून वर आलेला तो सुळका, अंगठा उभा करावा तसा. हडबीची शेंडी. मनमाडहून गाडीने गेलेलं लहान पोरसुद्धा ओळखतं.

दोन मिनिटं मी गप्प होतो. मनात एकच, गुपचूप उजवीकडे वळायचं, पाच मिनिटं उशिरा पोचायचं, कोणाला कळणार आहे? ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. मग बटण दाबलं आणि ‘करेक्शन’ म्हणालो. आधीची पोझिशन चुकीची, मी मनमाडवर आहे. टॉवरवरच्या माणसाने शांतपणे हेडिंग २५५, म्हणजे २५५ अंशांची दिशा दिली, रेल्वे डाव्या हाताला ठेव म्हणाला. मी ते आकडे परत म्हणून दाखवले, आणि ओझरला उतरलो.

सही घ्यायला टॉवरवर गेलो तेव्हा त्या माणसाने आधी चहा मागवला. मग मराठीत म्हणाला, “तू चांदवडवर आहेस म्हणून मी एका विमानाला हजार फूट वर थांबवून ठेवलं होतं. सांगितलंस ते बरं केलंस.”

परत आल्यावर आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी सगळ्या मुलांसमोर झाडलं. रस्ता चुकला म्हणून नाही. फ्रिक्वेन्सीवर कबूल केलं म्हणून! “शाळेची अब्रू घालवलीस. गुपचूप वळता येत नव्हतं का? रेडिओवर आवाज ठाम पाहिजे.” मी मान खाली घालून उभा राहिलो. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देतो.

सर, २५ जानेवारी १९९० ला एव्हियांका कंपनीचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कला उतरण्याआधी वाटेत सगळं मिळून तासाहून जास्त घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. ‘प्रायॉरिटी’ मागितली, ‘इंधन संपतंय’ असंही म्हणाले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर शेवटपर्यंत उच्चारला नाही. इंजिनं बंद पडली, ७३ माणसं गेली.

आणि इंग्रजीचं म्हणाल तर १९८९ मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरचं मालवाहू विमान पडलं, त्याचे पायलट अमेरिकन होते. कंट्रोलर म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’, म्हणजे २४०० फूट. यांनी ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ धरलं आणि ४०० फुटांकडे उतरले. उत्तरात ‘फोर झिरो झिरो’ म्हणालेसुद्धा, पण कंट्रोलरने ती चूक पकडली नाही. चौघेही गेले. रीडबॅक कशासाठी असतो हे भाच्याला यावरून सांगा. सूचना मिळालेल्याने ती परत म्हणायची असते, आणि देणाऱ्याने ते खरंच ऐकायचं असतं.

आकड्यांचं तसंच. २०१५ मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या कॅप्टनने विमान उभं होतं त्या जागेचे रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटं असे भरले. कॉम्प्युटरला विमान खऱ्या जागेपासून ११,००० किलोमीटरहून लांब वाटत होतं. इशारे आले, ते दोघांनीही सोडून दिले. उड्डाणानंतर यंत्रणा बिघडल्या आणि शेवटी मेलबर्नला उतरावं लागलं. माझं ८:४२ आणि त्यांचं हे, दोन्हींकडे जे असायला हवं तेच आहे असं धरून चालणं होतं.

हे सांगायला हवं की मी एअरलाइनमध्ये कधी गेलो नाही. लायसन्सच्या आधीच पैसे संपले, आता पिंपळगावला ठिबकचं दुकान आहे. मोठ्या विमानात दोघं असतात, जीपीएस असतं, मी सांगतोय तो खालच्या पायरीचा अनुभव. सगळे इन्स्ट्रक्टर आमच्या सरांसारखे नसतात, त्यांनीच मला लँडिंग शिकवलं आणि ते उत्तम शिकवलं. आणि कबुलीची घाई करताना विमान हातातून सुटता कामा नये. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग रेडिओ.

लॉगबुक अजून कपाटात आहे. त्या दिवसाच्या रकान्यात सरांनी लाल शाईने ‘नेव्हिगेशन पुअर’ असं लिहिलंय. ते बरोबरच आहे. भाचा सुट्टीत नाशिकला आला तर पिंपळगावला पाठवा. नकाशाही जपून ठेवलाय, मालेगावचा तो फाटा दाखवतो त्याला.