नेट परीक्षा उत्तीर्ण नाही, नागपूर सोडता येत नाही. रसायनशास्त्रात फेलोशिपसह पीएच.डी. कुठे शोधावी?

जागेच्या आधी पैसा शोधा. तो तुमच्या नावावर येतो, संस्था देते किंवा गाइडच्या प्रोजेक्टमधून मिळतो. तुम्ही नेट नाही म्हणता, पण ती द्याच. सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) तुमच्या नावावर असते: पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर 42,000, आणि वसतिगृह नसेल तर वर घरभाडं. जेआरएफ असलेल्याला गाइड लवकर मिळतो, कारण गाइडच्या प्रोजेक्टमधून काही जात नाही. जेआरएफ हुकली तरी 'फक्त पीएच.डी. प्रवेश' या गटात नाव येऊ शकतं. तो निकाल एक वर्ष चालतो आणि प्रवेशात त्याला 70 टक्के वजन असतं, उरलेलं 30 मुलाखतीला. पैसे मात्र त्यासोबत येत नाहीत. इथे बरेच जण फसतात. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिले आला असाल तर इन्स्पायर फेलोशिपचे नियम आधी वाचा.

तोवर प्रोजेक्टच्या जागा. तुमच्या विषयाला नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) सगळ्यात जवळची. त्याखेरीज व्हीएनआयटी, अमरावती रोडवरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, वाडीचं अ‍ॅल्युमिनियम केंद्र. जाहिराती संस्थेच्याच संकेतस्थळावर लागतात आणि मुदत तोकडी असते, म्हणून दर आठवड्याला स्वतः बघा. जॉब पोर्टलवर येईपर्यंत मुलाखत आटोपलेली असते.

खरी अडचण पुढे आहे. प्रोजेक्टमधली नेमणूक म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी नव्हे. प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचा असतो, पीएच.डी.ला त्याहून जास्त लागतात, आणि तुम्ही रुजू होता तेव्हा कधीकधी प्रोजेक्टचं एक वर्ष सरलेलं असतं. मुलाखतीत न लाजता विचारा: किती महिने उरलेत? नोंदणी होईल का, कुठे? (नीरीत ती एसीएसआयआर या अकादमीची असते.) प्रोजेक्ट संपल्यावर पगार कुठून? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर माझ्या मते ती जागा पीएच.डी.साठी नव्हे, अनुभवासाठी धरावी.

राज्य सरकारच्या महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग), बार्टी (अनुसूचित जाती) आणि सारथी (मराठा, कुणबी) या संस्थांच्या फेलोशिपचा क्रम उलटा आहे: आधी नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. मधल्या काळाचा खर्च हाताशी ठेवा. अनुदानाचे हप्ते अनेकदा उशिरा येतात.

गाइडला मेल दहा ओळींचा पुरे. त्यांचा कुठला पेपर वाचला, कुठलं उपकरण स्वतः चालवलंय (जीसी-एमएस नुसतं पाहिलं असेल तर लिहू नका, मुलाखतीत उघडं पडतं), नेट कधी देणार. सोबत एक पानी बायोडेटा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या, नाहीतर सरळ विभागात जाऊन भेटा. नागपुरात राहण्याचा तेवढा फायदा आहेच.