हायड्रो केली, आता एडी करंट कशाला?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कोजनमध्ये (सहवीजनिर्मिती प्रकल्पात) मी मेंटेनन्सला आहे. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला अ‍ॅडमिरल्टी ब्रासच्या (पितळेच्या) नळ्या आहेत, बाहेरचा व्यास 25.4 मिमी, जाडी 1.2 मिमी. गेल्या ऑफ सीझनला पाणी भरून हायड्रो (गळतीची चाचणी) केली, एकही नळी गळाली नाही. तरी जानेवारीत तीन नळ्या गेल्या. आता एडी करंट, म्हणजे नळीत वेटोळ्याचा प्रोब घालून झीज शोधायची तपासणी, करायचं चाललंय. एजन्सीवाला म्हणतो, त्याच प्रोबने बॉयलरच्या नळ्याही स्वस्तात करून देतो. द्यावं का?

उत्तर : बॉयलरचं काम त्या प्रोबने मुळीच करून घेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

तुमची हायड्रो खोटी नव्हती. आरपार भोक असेल तरच ती बोलते. 1.2 मिमीतला एक मिमी खाल्ला गेला तरी उरलेली पापडी त्या दिवशी पाणी धरून ठेवते आणि ऐन सीझनमध्ये दगा देते. कंडेन्सरात व्हॅक्यूम, त्यामुळे कूलिंगचं पाणी आत कंडेन्सेटमध्ये (वाफेच्या झालेल्या पाण्यात) ओढलं जातं. तुम्हालाही आधी हॉटवेलच्या (कंडेन्सेट साठतं तिथल्या पाण्याच्या) वाढलेल्या कंडक्टिव्हिटीनेच सांगितलं असणार.

एडी करंटमध्ये प्रोबच्या वेटोळ्यात एसी प्रवाह सोडला की नळीच्या धातूत भोवरे फिरतात. इंडक्शन शेगडीवर पातेल्याच्या बुडात फिरतात तेच. धातू झिजला असेल तिथे भोवऱ्यांची वाट बिघडते, वेटोळ्याचा इंपिडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) बदलतो आणि पडद्यावर इंग्रजी 8 सारखी आकृती उमटते. ती कलते किती, यावर खोली ठरते. आरपार भोकाची आकृती 40 अंशांवर लावून घेतात; आतून पडलेला खड्डा त्याच्या अलीकडे, बाहेरून पडलेला पलीकडे. म्हणून कॅलिब्रेशन (ठरावीक खोलीचे खड्डे मुद्दाम पाडलेल्या नमुना नळीवर यंत्र जुळवणं) चालू असताना शेजारी खुर्ची टाकून बसा. जाडीच्या 20, 40, 60, 80 टक्के आणि आरपार, सगळे खड्डे तुमच्यासमोर वेगवेगळे दिसले पाहिजेत. तुमच्या नळीला मुख्य फ्रिक्वेन्सी 15 किलोहर्ट्झच्या आसपास येईल.

दुसरं, प्रोबचा व्यास विचारा. तुमच्या नळीचा आतला व्यास 23 मिमी. 21 चा प्रोब गेला तर भराव (नळीच्या आतल्या क्षेत्रफळापैकी प्रोबने व्यापलेला भाग) 83 टक्के, उत्तम. नळ्या नीट जेटिंग (जोराच्या पाण्याने सफाई) न करता दिल्या की प्रोब अडकतो. मग माणूस गुपचूप 19 चा काढतो, भराव 68 वर येतो आणि बारीक खड्डे हरवतात. यात दोष बहुतेक वेळा आपलाच, हे कबूल करायला हवं.

विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात आम्ही एक नळी ओढून काढली आणि उभी चिरली. आतून लख्ख. बाहेरून मात्र बॅफल (नळ्यांना आधार देणारी भोकांची प्लेट) जिथे धरते तिथे, बांगडी रुतावी तशी गोल खाच. पडद्यावर ती बॅफलच्या मोठ्या आकृतीत लपली होती. दोन फ्रिक्वेन्सी मिक्स करून बॅफल वजा केली तेव्हा सापडली. तुमच्या रिपोर्टमध्ये बॅफलपाशी एकही दोष नसेल तर मिक्सिंग केलं होतं का, हे जरूर विचारा. ट्यूबशीटमध्ये (नळ्यांची टोकं बसवलेल्या जाड प्लेटमध्ये) रोल केलेल्या, म्हणजे फुगवून घट्ट बसवलेल्या टोकाशी आणि आडव्या तड्यांच्या बाबतीत मात्र हा साधा वेटोळ्याचा (बॉबिन) प्रोब कच्चाच.

आता बॉयलर. खिशात चुंबक ठेवा. ब्रासला तो चिकटत नाही, बॉयलरच्या कार्बन स्टीलला चिकटतो. चुंबकीय पोलादात हे भोवरे वरच्या कातडीतच अडकतात, पलीकडची झीज दिसतच नाही. शिवाय पोलादाचं चुंबकत्व जागोजागी बदलतं, त्याचाच गोंगाट पडद्यावर येतो. तिथे रिमोट फील्ड (पोलादाची भिंत पार करणारी कमी फ्रिक्वेन्सीची पद्धत) किंवा आयरिस (नळीच्या आतून फिरत्या अल्ट्रासोनिकने जाडी मोजणं) लागतं. आयरिसला नळी घासून स्वच्छ केलेली आणि पाण्याने भरलेली हवी. वॉटर वॉलला (भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या नळ्यांना) तर बाहेरून अल्ट्रासोनिकने जाडी मोजणं सरळ पडतं.

रिपोर्ट आला की जाडी 80 टक्के झिजलेल्या नळ्यांना लगेच प्लग मारा, म्हणजे त्यांची टोकं बंद करा. 40 वाल्यांची यादी जपून ठेवा आणि पुढच्या ऑफ सीझनला त्याच नळ्या पुन्हा ताडून बघा. स्टोअरमध्ये त्याच लॉटची जादा नळी पडली असेल तर कॅलिब्रेशनचे खड्डे तिच्यावरच पाडून घ्या. स्टोअरकीपरला आजच सांगा, असले तुकडे आधी भंगारात जातात.