सीडी-फोर बंद का केला ओ?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी सोलापूरचा, यंत्रमागावर कामाला. २००९ पासून एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू. आधी स्टाव्हुडिनवाली गोळी, मग रात्रीची एफाव्हिरेन्झवाली, आता टीएलडी (तीन औषधांची एकच गोळी). पूर्वी दर ६ महिन्याला सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) काढायचे, आता वर्षाला नुसता व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती त्याचा आकडा), सीडी-फोर विचारला तर गरज नाही म्हणतात. पैसे वाचवायलेत का? बायको म्हणते बाहेर पैसे भरून करा. आणि टीएलडीनं वजन पण वाढलंय.

उत्तर : दादा, शंका बरोबर आहे, इतकी वर्षं ज्या आकड्यावर जीव टांगलेला तो एकदम बंद झाला की कुणालाही असंच वाटणार. पण तुम्ही यंत्रमागवाले, तुम्हाला लगेच कळेल. धागा तुटला की तिथंच माग थांबवता ना, चादर उतरल्यावर कळून काय उपयोग? गोळी काम करेनाशी झाली की आधी विषाणू वाढतो आणि सीडी-फोर घसरायला पुढं कित्येक महिने जातात, तोवर आपण जुन्याच गोळीवर. म्हणून २०१८ पासून सरकारी सेंटरात सगळ्यांचाच व्हायरल लोड करायला लागले. सीडी-फोर ३५० च्या वर अन् लोड १००० च्या आत असला तर सारखं सारखं सीडी-फोर काढून नवीन काही कळत नाही. लोड वाढला, गोळ्या सुटल्या किंवा मोठं आजारपण आलं तर मात्र परत काढतात. वहिनींना सांगा, बाहेर पैसे घालू नका, त्यापेक्षा मागच्या लोडचा आकडा काउन्सेलरकडून वहीत लिहून घ्या.

गोळ्यांचंही तसंच. स्टाव्हुडिन स्वस्त होती, तिनं त्या काळात लोकं जगवली हे खरंच, पण गाल बसायचे, पायाची आग व्हायची, चेहऱ्यावरनंच ओळखू यायचं (लोकं तोंडाला रुमाल बांधून यायची ओ सेंटरला). जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच ती बंद करत आणा म्हणून सांगितलेलं. एफाव्हिरेन्झची चक्कर आणि घाणेरडी स्वप्नं तुम्ही भोगलीच असतील. टीएलडीमधल्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधापुढं विषाणू लवकर नमतो, आणि गोळी दिवसा घेतली तरी चालते.

वजन वाढतं हे खरंय, पण त्यासाठी गोळी सोडायची नाही. शुगर तपासा, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सेंटरात सांगा, डोस बघावा लागतो. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनी.