नॉर्वेत स्कीच्या वाटेवर धावणाऱ्यांबद्दल इतकी नाराजी का असते?

कारण ती वाट आपोआप तयार झालेली नसते. ओस्लोच्या उत्तरेकडील नॉर्डमार्का जंगलात १८८३ साली स्थापन झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था यंत्राने बर्फ दाबून समतल पट्टा तयार करते आणि त्याच्या कडेला पारंपरिक शैलीच्या स्कीइंगसाठी दोन समांतर खाचा पाडते. तापमान शून्याच्या आसपास असताना त्यावरून कोणी धावले, तर बुटांचे खोल ठसे उमटतात. रात्री ते गोठून दगडासारखे कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी उतारावरून वेगाने येणाऱ्या स्कीअरचा तोल त्यांत जाऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत घट्ट गोठलेल्या पट्ट्यावर मात्र असे नुकसान फारच कमी होते, हे रागावलेले स्कीअर सहसा सांगत नाहीत.

धावणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या निसर्गात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे. शिवाय यांतील अनेक वाटा म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या रोजच्या सरावाचे जंगलरस्तेच असतात आणि शहरातले पदपथ हिवाळ्यात निसरडे होतात.

माझ्या मते हक्क असला तरी खाचांवर पाय ठेवू नये, पट्ट्याच्या अगदी कडेने धावावे आणि बर्फ मऊ असेल त्या दिवशी बर्फ हटवलेला रस्ता निवडावा. स्कीअरनीही ओरडण्याऐवजी, असा रस्ता जवळपास आहे का, हे आधी पाहावे.