बाणाचं विष, काजरा आणि गोठ्यातली कण्हेर

प्रश्न : ॲमेझॉनच्या रानातले शिकारी विषारी बाणाने मारलेलं जनावर खातात, तरी त्यांना काही होत नाही. आमच्याकडचा काजराही त्याच जातकुळीतला म्हणे. मग काजऱ्याची बी पोटात गेली तर माणूस का दगावतो? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : या बाणांना लावतात त्या विषाचं नाव क्युरारे, आणि ते काही एकाच झाडाचं विष नाही. गयानाकडे ते स्ट्रिक्नॉस वंशातल्या वेलींपासून करतात; काजरा (कानडीत कासरका) याच वंशातला. पश्चिम ॲमेझॉनमध्ये ते कोंड्रोडेंड्रॉन या वेलीपासून मिळतं, आणि ही वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली. पण दोन्हीकडच्या रेणूंमध्ये एक गोष्ट सारखी आहे : नायट्रोजनच्या अणूवर कायमचा धन विद्युतभार. भार असलेला रेणू आतड्याच्या स्निग्ध पडद्यातून सहजासहजी पार होत नाही. त्यामुळे मांस खाल्लं तरी विष रक्तात जवळपास शिरतच नाही. तोंडात जखम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. बाण ते थेट रक्तात पोचवतो. तिथून ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाऊन, स्नायूला आकुंचनाचा निरोप देणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाची जागा अडवतं. स्नायू ढिले पडतात, शेवटी श्वासपटलही थांबतं. हृदय मात्र तोवर चालूच असतं. म्हणूनच 1942 साली माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला क्युरारे वापरलं. आज भूल देताना टोचतात ते ॲट्राक्युरियम त्याच पद्धतीने काम करतं. रुग्णाचा श्वास तेवढा यंत्राने चालवावा लागतो.

काजऱ्यातल्या स्ट्रिक्निनला असा कायमचा भार नाही. ते आतड्यातून झपाट्याने शोषलं जातं आणि बहुधा पाव-अर्ध्या तासात लक्षणं दिसू लागतात. कामही नेमकं उलटं. मज्जारज्जूत ग्लायसीन नावाचं रसायन स्नायूंना आवर घालत असतं, स्ट्रिक्निन तो आवरच काढून टाकतं. मग अंग धनुष्यासारखं ताठतं, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. नुसता आवाज झाला, कुणी हात लावला, तरी पुढचा झटका येतो. म्हणून रोग्याला हलवून-हलवून विचारपूस करू नका. उलटी काढायला तर मुळीच जाऊ नका, झटक्यात ती श्वासनलिकेत जाते. खोलीत शांतता आणि अंधार ठेवा, 108ला फोन करा. औषधात येतो तो शोधित कुचला, म्हणजे शुद्ध केलेली काजऱ्याची बी. त्याच्या नावावर घरी बिया उगाळण्याचा उद्योग कुणी करू नये.

प्रश्न : बांधावरच्या कण्हेरीची छाटणी वैरणीत मिसळली गेली. पानं वाळली होती, तरी गाय आजारी पडली. वाळल्यावर विष जात नाही का? (एक शेतकरी, निपाणी)

उत्तर : नाही. वाळवून जात नाही, उकळूनही जात नाही. उलट धोका वाढतो. हिरवं पान कडू लागतं म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. वाळल्यावर कडवटपणा कमी जाणवतो, आणि कडबाकुट्टीतून बारीक होऊन आलं की गाईला ते वेगळं काढताच येत नाही. मोठं जनावर मरायला मूठभर पानं पुरतात.

कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं. पेशीत कॅल्शियम साचतं, ठोके बिघडतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं. आफ्रिकेत बाणाला लावतात ते उआबाइन हेच काम करतं, पण त्याचा रेणू पाण्यात विरघळणारा असल्याने आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. ओलिअँड्रिन स्निग्ध पदार्थात मिसळणारं, म्हणून चाऱ्यातूनच पुरेसं भिनतं. पिवळ्या कण्हेरीच्या बियांतली विषंही याच जातीची. अंगणात लहान मुलं असतील तर ते झाड नकोच.

गाईने खाणं सोडलं, हगवण लागली, ठोके अडखळू लागले की उरलेली वैरण लगेच बाजूला काढा आणि तिला बसूनच राहू द्या. पळवलं तर तिथेच कोसळते. पशुवैद्यकांना कण्हेरीचं पान दाखवा. जनावर बसलं की कॅल्शियमची बाटली लावायची सवय आपल्याकडे आहे. इथे कॅल्शियम आधीच जास्त झालेलं असतं, तेव्हा ती बाटली घातक ठरू शकते. वैद्यकांच्या हाती सक्रिय कोळसा आणि ॲट्रोपिन हे उपाय असतात.

प्रश्न : शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ करताना चीक डोळ्यात उडाला. दुखत नाही, पण धूसर दिसतं. थांबून बघू का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : थांबू नका. दुखत नाही हीच यातली फसवणूक आहे. चीक बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरापर्यंत पोचतो, त्या थराच्या पेशी दुखावतात, पडद्यात पाणी भरतं आणि काही तासांत दिसणं अंधुक होतं. चीक उडाल्या उडाल्या नळाच्या स्वच्छ पाण्याने, पापणी उलटी धरून, निदान 15-20 मिनिटं डोळा धुवायला हवा. उशीर झाला असला तरी आताही धुवा. चोळू नका. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यातलं काही घालू नका. घरात पडलेली स्टेरॉइडची बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि चीक रुईचा होता हे सांगा. वेळेत उपचार झाले तर नजर बहुधा पूर्ववत होते. पुढच्या शनिवारी पानं खुडल्यावर देठ पाण्यात बुडवून चीक निथळू द्या, आणि माळ ओवताना साधा चष्मा लावा.