बी.कॉम. झालंय, कोडिंग अजिबात येत नाही. मोबाईल अ‍ॅप बनवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लातूरला सीएच्या ऑफिसात काम करता, वय २५, टॅली आणि एक्सेल चांगलं येतं. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, फोन अँड्रॉइड आहे. एक क्लासवाला सहा महिन्यांत अ‍ॅप डेव्हलपर करून देतो म्हणतोय आणि फी आगाऊ मागतोय. कोटलिन, फ्लटर की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, अ‍ॅप बनवायच्या या साधनांपैकी कोणतं घ्यायचं, हे ठरत नाहीये. नोकरी लागेल की हे छंद म्हणूनच ठेवायचं, हाही प्रश्न आहे.

मी पुण्यात बरीच वर्षं अँड्रॉइडचं काम करते, नव्या मुलांच्या मुलाखतीही घेते. माझं म्हणणं आधीच सांगते. भाषा निवडण्यात महिना घालवू नका आणि फी तर आत्ता मुळीच भरू नका. ओळखीतल्या एका माणसाचं एक छोटं काम पकडा, त्याच्यासाठी अ‍ॅप करा आणि ते त्याच्या रोजच्या वापरात येईपर्यंत सोडू नका. नोकरीसाठी शिकत असाल तरी हेच, हौसेसाठी शिकत असाल तरी हेच.

उदाहरण म्हणून दुधाच्या रतीबाचा हिशोब घ्या. अजूनही कितीतरी घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे मांडून ठेवतात. आज दीड लिटर घेतलं, परवा पाहुणे होते म्हणून दोन, चार दिवस गावाला गेलो म्हणून खाडा, मधेच दर वाढला. महिनाअखेर दूधवाले दादा एक आकडा सांगतात, कॅलेंडर दुसरा सांगतं. तुमच्या आईसाठी किंवा शेजारच्या काकूंसाठी हे अ‍ॅप करायचं. तीन स्क्रीन पुरेत: आजची नोंद, महिन्याची यादी, बिल. एवढ्यात फॉर्म येतो, यादी येते, तारखा येतात, डेटाबेस येतो. हिशोबाची समज तुमच्याकडे आहेच, त्यामुळे डोकं फक्त कोडसाठी मोकळं राहतं.

भाषेचं सांगायचं तर कोटलिन घ्या. गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून सगळं नवीन आधी कोटलिनमध्ये यायला लागलं. स्क्रीन रचायची नवी पद्धत म्हणजे जेटपॅक कंपोज, तिची पहिली पक्की आवृत्ती २०२१ च्या जुलैमध्ये आली. ही सालं लक्षात ठेवा, कारण यूट्यूबवर अँड्रॉइडचे हजारो व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेच जावा आणि एक्सएमएलच्या जुन्या पद्धतीचे आहेत. ते चुकीचे नाहीत, पण नवशिक्याने अर्धं इथून अर्धं तिथून उचललं की काहीच एकमेकांत बसत नाही. गूगलचाच ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा फुकट कोर्स आहे. तो सुरुवातीपासून क्रमाने करा. क्लासमध्ये शिकवतील त्याहून तो कमी नाही.

फ्लटर वाईट आहे असं मुळीच नाही. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही होतात, म्हणून दुसऱ्यांची अ‍ॅप करून देणाऱ्या लहान कंपन्या ते आवडीने वापरतात. ओळखीतलं कुणी फ्लटर करत असेल आणि अडल्यावर मदत करणार असेल, तर खुशाल तेच घ्या. पण एक घेतलं की निदान आठ-दहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका. आयफोनचा विचार सध्या सोडून द्या. त्यासाठी मॅक लागतो आणि अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर आहे.

लॅपटॉपची अडचण खरी आहे. अ‍ॅप जिथे लिहायचं ते गूगलचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, ४ जीबीवर चालणार नाही. किमान ८ जीबी हवी, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोन दाखवणारा इम्युलेटर वापरायचा तर १६. म्हणून इम्युलेटरच्या नादी लागू नका, स्वतःचा फोन वायरने जोडा. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून एसएसडी घातली तर बहुतेक वेळा नव्याचा खर्च वाचतो. रॅम येईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘कोटलिन प्लेग्राउंड’ ही कोटलिन लिहून चालवून बघायची साइट ब्राउझरमध्ये उघडते. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, फंक्शन, लिस्ट या कोडिंगच्या पायाभूत गोष्टी पहिले दोन महिने तिथेच होतील.

आता त्या रतीबाच्या अ‍ॅपमध्ये काय काय अडेल ते जरा जवळून दाखवते, कारण खरं शिक्षण तिथेच आहे.

काकूंनी दीड लिटर लिहिलं, सेव्ह करायच्या आधी फोन आडवा झाला, आणि लिहिलेलं गेलं. अँड्रॉइड फोन आडवा झाला की ती स्क्रीन मोडून नव्याने उभी करतो. कंपोजमध्ये ‘रिमेंबर’ने धरून ठेवलेली नोंद त्यात पुसली जाते, ‘रिमेंबरसेव्हेबल’ने धरलेली टिकते. कमी रॅमच्या फोनवर तर आडवा करायचीही गरज नाही. नोंद अर्धी असताना फोन आला, काकू दहा मिनिटं बोलल्या, तेवढ्यात सिस्टिमने जागा हवी म्हणून मागचं अ‍ॅप बंदसुद्धा केलेलं असू शकतं. याला लाइफसायकल म्हणतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर पाठ केलेल्याला आणि स्वतः भोगलेल्याला वेगळं ओळखायला मला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. पैसे कधीही डबल या, दशांश आकड्यांसाठी असलेल्या प्रकारात ठेवू नका. त्यात ०.१ अधिक ०.२ केलं तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. ऑफिसात ट्रायल बॅलन्समध्ये एका पैशाचा फरक आला तर काय होतं ते तुम्ही जाणता. म्हणून पैसे पैशांतच पूर्णांकात ठेवायचे आणि दूध मिलिलिटरमध्ये. ६४ रुपये दर म्हणजे ६४०० पैसे, दीड लिटर म्हणजे १५०० मिली. दोन्हींचा गुणाकार करून १००० ने भागलं की ९६०० पैसे, म्हणजे ९६ रुपये. दशांश चिन्ह फक्त दाखवताना घालायचं.

तिसरी गोष्ट मराठी माणसाने तरी माहीत करून घ्यावीच अशी आहे. फोनची भाषा मराठी असेल तर कोटलिनचं साधं फॉरमॅट फंक्शन ९६.०० हा आकडा देवनागरी अंकांत लिहून देतं. हिंदीत ठेवलेल्या फोनवर तसं होत नाही, कारण हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी आहेत आणि मराठीसाठी देवनागरी. त्यामुळे इंग्रजी आणि हिंदीत तपासून ‘सगळं चालतंय’ म्हणणाऱ्या टीमला हा दोष दिसतच नाही. काकूंना पडद्यावर देवनागरी अंक दिसले तर छानच. पण तोच मजकूर अ‍ॅपने पुन्हा ‘टू-डबल’ला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, दिला तर त्याला देवनागरी अंक कळत नाहीत, आणि नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन ही चूक देऊन अ‍ॅप बंद पडतं. काकूंनी मराठी कीबोर्डवरून १.५ लिहिलं तरी तेच. म्हणून माणसाला दाखवायचा आकडा मराठीत, साठवायचा किंवा सर्व्हरला पाठवायचा आकडा लोकेल-रूट (कुठल्याच भाषेशी न बांधलेली सेटिंग) देऊन, आणि वापरणाऱ्याने लिहिलेला आकडा आधी तपासून मगच आत घ्यायचा. तुमच्या अ‍ॅपमध्ये मराठी पहिल्या दिवसापासून ठेवा. बटणांवरचा मजकूर कोडमध्ये न लिहिता स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये लिहायचा, आणि मराठीसाठी ‘व्हॅल्यूज-एमआर’ नावाचा वेगळा फोल्डर करायचा. मराठी वापरणारे लोक इतके आहेत आणि त्यांच्या फोनवर नीट तपासलेली अ‍ॅप इतकी थोडी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नव्याने येणाऱ्यांनी तरी हे बदलावं.

नोंदी साठवायला रूम नावाची लायब्ररी वापराल. दोन महिन्यांनी काकू म्हणतील, गाईचं आणि म्हशीचं वेगळं लिहायचंय. तक्त्यात नवा कॉलम आला की जुना डेटा नव्यात कसा न्यायचा ते मायग्रेशन लिहून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर अपडेटनंतर अ‍ॅप उघडणार नाही. इंटरनेटवर एक ओळीचा सोपा उपाय सापडेल, तो जुना सगळा डेटा पुसून नवा तक्ता करतो. स्वतःच्या फोनवर सराव करताना ठीक आहे, काकूंच्या फोनवर कधीही नाही.

अ‍ॅप बंद पडलं की लॉगकॅटमध्ये, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओतल्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत तीस-चाळीस इंग्रजी ओळी येतात. मराठी माध्यमातली मुलं तिथे घाबरतात असं मी पाहिलंय. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पहिली ओळ चूक कोणत्या जातीची ते सांगते. मग ‘कॉज्ड बाय’ शोधायचं, असे बरेच असतील तर सगळ्यात खालचा बघायचा. त्याच्या खाली तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर कुठे येतो ते पाहायचं. बाकीच्या ओळी अँड्रॉइडच्या पोटातल्या आहेत, त्या सोडून द्या. एवढं इंग्रजी महिनाभरात अंगवळणी पडतं.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. चूक समजावून घ्यायला जरूर वापरा. ‘ही ओळ काय करते’ असं पन्नासदा विचारा. पण आख्खं अ‍ॅप त्याच्याकडून लिहून घेतलंत तर फोन आडवा झाल्यावर नोंद का गेली हे शोधायला कुठे बघायचं तेच कळणार नाही. पहिलं अ‍ॅप स्वतः टाइप करा. आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यापासून वापरा. दर कमिटला, म्हणजे अशा प्रत्येक नोंदीला, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं, तुमच्या व्हाउचरच्या नॅरेशनसारखं.

अ‍ॅप काकूंच्या फोनवर वायरने टाकता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. हौस म्हणून शिकायचं असेल तर इथेच थांबलात तरी काही बिघडत नाही. प्ले स्टोअरवर न्यायचं तर २५ डॉलर एकदाच भरायचे, ओळखपत्र तपासलं जातं, प्रायव्हसी पॉलिसी लिहावी लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे: आधी क्लोज्ड टेस्टिंग करायचं, म्हणजे ठरावीक लोकांकडून वापरून घ्यायचं. सुरुवातीला २० जण लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ केले. हे १२ जण सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये राहायला हवेत. यासाठी पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. गल्लीतली रतीब लावलेली बारा घरं गाठा. दर मधेच बदलला तर काय करायचं, दोन दूधवाले असतील तर कसं लिहायचं, हे तेच तुम्हाला सांगतील.

नोकरीचं स्पष्ट सांगते. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत पदवीची चाळणी असते, तिथे बी.कॉम.चा अर्ज बहुधा पहिल्याच पायरीवर अडेल. लहान कंपन्या आणि स्टार्टअप काम बघतात, पण नवख्यांची गर्दी तिथेही खूप आहे, आणि प्रत्येकाच्या बायोडेटात तेच कॅल्क्युलेटर, तेच हवामानाचं अ‍ॅप असतं. माझ्यासमोर कुणी प्ले स्टोअरवरचं स्वतःचं अ‍ॅप उघडलं आणि ‘ही तक्रार आली म्हणून हे असं बदललं’ असं सांगायला लागलं, तर मी पदवी विचारायचं विसरते. शिवाय जीएसटी, खतावणी, उधारी हे तुम्हाला आतून कळतं. दुकानदारांसाठी हिशोबाची अ‍ॅप करणाऱ्या कंपन्यांना असा माणूस शोधून सापडत नाही. अर्ज तिथे आधी करा. सध्याची नोकरी मात्र सोडू नका. रोज दीड तास आणि रविवारी थोडं जास्त असं चाललं तर अर्ज करण्याजोगं व्हायला वर्ष ते दीड वर्ष धरा. सहा महिन्यांत होतं म्हणणाऱ्याने तुमचा दिवस पाहिलेला नाही.

त्या क्लासवाल्याला तीन गोष्टी विचारा. कंपोज शिकवता की एक्सएमएल? मागच्या बॅचच्या मुलांची प्ले स्टोअरवर असलेली अ‍ॅप दाखवता का? फी महिन्याच्या महिन्याला घ्याल का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली आणि घरी एकट्याने अभ्यास होतच नसेल, तर लावा. त्याआधी प्लेग्राउंडवर दोन महिने काढा, म्हणजे हे काम आपल्याला आवडतं का ते फुकटात कळेल.

लॅपटॉपचं मॉडेल खाली लिहा. काहींमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती वाढत नाही. मॉडेल कळलं की खर्च करायचा की नाही ते सांगते.